कार्ट्रिज 'खराब' होण्याची तारीख

१३ सप्टेंबर २०१६, मंगळवार. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी ऑफिसांत त्या दिवशी लोकांनी एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरला नेहमीप्रमाणे छपाईची आज्ञा दिली आणि प्रिंटरने साफ नकार दिला. कार्ट्रिजमध्ये बिघाड दिसतो, काढून नवीन बसवा, अशा अर्थाचा संदेश पडद्यावर. हीच कार्ट्रिजं आदल्या संध्याकाळपर्यंत बिनतक्रार छापत होती.

कार्ट्रिज खराब होणं यात नवल काहीच नाही. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेली कार्ट्रिजं एकाच दिवशी खराब व्हावीत? आणि त्यांतलं एकही एचपीच्या स्वतःच्या ब्रँडचं नसावं?

माझा धंदा पुण्यातल्या दहा-बारा लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर, वायफाय आणि प्रिंटर सांभाळण्याचा. त्यात निम्मा वेळ प्रिंटर खातो. 'शाई फार महाग' हे रडगाणं मी रोज ऐकतो, आणि खरं सांगायचं तर त्याला आता विटलोय. महाग वस्तू जगात पुष्कळ आहेत. ऑफिसजेटच्या या प्रकरणात मला वेगळंच काही दिसतं, आणि ते नीट दिसावं म्हणून तारखेवार जावं लागेल.

शोध कसा लागला

नेदरलँड्समध्ये १२३इंक्ट नावाचं ऑनलाइन दुकान आहे. एचपीच्या प्रिंटरला चालतील अशी, पण स्वतःच्या नावाची कार्ट्रिजं ते विकतं. आपल्याकडे ज्याला दुकानदार 'कंपॅटिबल' म्हणतात आणि गिऱ्हाईक 'डुप्लिकेट' म्हणतं, तोच प्रकार. (हे दोन शब्द एक नव्हेत. डुप्लिकेट म्हणजे एचपीचं नाव छापून फसवणारं. कंपॅटिबल स्वतःच्या नावाने उघडपणे विकलं जातं आणि ते कायदेशीर आहे.) या दुकानाकडे एका दिवसात हजाराहून जास्त तक्रारी आल्या. सगळ्या त्याच त्या: ९३४-९३५, ९५०-९५१, ९७०-९७१ या मालिकांची कार्ट्रिजं.

लोकांना आधी वाटलं, रातोरात एखादं अपडेट आलं असेल. पण त्या दिवशी काहीच अपडेट न घेतलेले प्रिंटरही अडले होते. दुकानाने खोदून पाहिलं आणि त्यांच्या म्हणण्यानुसार उत्तर असं निघालं: सहा महिन्यांपूर्वीच्या, मार्चच्या फर्मवेअरमध्येच (म्हणजे प्रिंटरच्या पोटात बसलेल्या, त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही तारीख लिहून ठेवलेली होती. १३ सप्टेंबर उजाडेपर्यंत प्रिंटरने गप्प बसायचं आणि त्या दिवसापासून परक्या चिपचं कार्ट्रिज नाकारायचं.

म्हणजे सहा महिने लोकांनी कंपॅटिबल कार्ट्रिज वापरलं, ते छान चाललं, म्हणून आणखी चार आणून कपाटात ठेवली. आत मात्र घड्याळ चालू होतं.

चिप काय तपासते

९५० क्रमांकाचं कार्ट्रिज हातात घेतलं तर ती प्लास्टिकची चपटी डबी असते. घरगुती स्वस्त प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये खाली तांब्याच्या रंगाची पट्टी आणि शाई फेकणारं हेड असतं, तसं यात नसतं. हेड प्रिंटरच्या पोटात असतं. डबीत असते शाई, शाई बाहेर पडायचं तोंड आणि एका कडेला नखाएवढी चिप. बिघडायला त्यात जागाच किती?

चिपचं मूळ काम साधं: मी अमुक रंगाचं, माझ्यात इतकी शाई, आतापर्यंत इतकी वापरली. प्रिंटर विचारतो, चिप सांगते. पुढे या संभाषणात सांकेतिक प्रश्नोत्तर घातलं गेलं. कंपनीच्या चिपलाच बरोबर उत्तर यावं असा प्रश्न. कंपॅटिबल बनवणारे त्याचं उत्तर शोधून काढतात आणि मग कंपनी फर्मवेअरमधून प्रश्नच बदलते. एचपीने याला नाव दिलं 'डायनॅमिक सिक्युरिटी'. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याने आऊट झाल्यावर नियम बदलावेत, तसली ही डायनॅमिक गोष्ट.

आता यातली गंमत. रिकाम्या झालेल्या मूळ एचपी कार्ट्रिजमध्ये कोणी तिसऱ्यानेच शाई भरली, पण चिप एचपीची ठेवली, तर प्रिंटर ते चालवून घेतो. हे एचपीनेच स्पष्ट केलेलं आहे. उलट, उत्तम शाईचं कार्ट्रिज असलं आणि चिप परकी असली की 'बिघाड'. म्हणजे शाई कशी आहे, हेडला चोक करेल का, रंग उडेल का, यातलं काहीही तपासलं जात नाही. दारावरचा रखवालदार पिशवीत काय आहे ते बघत नाही, फक्त पिशवीवर कोणाचं नाव आहे ते बघतो.

हे मी एकदा हाताने करून बघितलेलं आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. प्रिंटर वेगळ्या कंपनीचा होता. तिचं नाव इथे घेत नाही. जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची घाई, आणि आमच्या एका टॅक्स कन्सल्टंट मॅडमचा फोन.

"दादा, कार्ट्रिज खराब म्हणतोय. मागच्याच महिन्यात टाकलंय."

"अपडेट मारलं का?"

"मी कशाला मारू? त्यानेच काहीतरी विचारलं, मी ओके केलं."

गेलो. ऑफिसात तीन क्लायंट बाकावर बसलेले, कोणाच्या हातात फॉर्म सोळा, कोणाच्या हातात चहा. चार रंगांत काळं तेवढं कंपॅटिबल होतं आणि त्यावरच आक्षेप. मूळचं रिकामं काळं कार्ट्रिज मॅडमनी टेबलाच्या खणात ठेवलेलं होतं. आपल्याकडे रिकामं काही फेकायची पद्धत नाही हे बरं. कटरच्या पात्याने त्याची चिप अलगद उचलली, कंपॅटिबलची चिप काढली, तिच्या जागी ही डबल टेपने चिकटवली. दोनदा वाकडी बसली. तिसऱ्यांदा प्रिंटर क्षणभर घुटमळला आणि छापायला लागला. शाई तीच, डबी तीच, 'बिघाड' तेवढा गेला. पडद्यावर शाईची पातळी शून्य दिसत राहिली, कारण चिपच्या हिशोबी ते कार्ट्रिज केव्हाच संपलेलं होतं. शून्य शाईवर मॅडमनी तो सीझन काढला.

माझी उजव्या हाताची दोन बोटं मात्र चार दिवस मतदान करून आल्यासारखी.

कंपनीचं म्हणणं

एचपीची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. प्रिंटर तोट्यात किंवा जेमतेम भावात विकायचा आणि शाईवर कमवायचं, हा या धंद्याचा जुना हिशोब. जानेवारी २०२४ मध्ये दाव्होसला सीएनबीसीशी बोलताना एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी तो आडपडदा न ठेवता सांगितला: ग्राहक प्रिंटर घेतो तेव्हा ती आमची गुंतवणूक असते, आणि तो पुरेसं छापत नसेल किंवा आमची शाई वापरत नसेल, तर ती गुंतवणूक वाया गेली. मला हे बोलणं आवडलं. निदान खरं तरी आहे. फक्त मॅडमना विचारलं तर त्या म्हणतील, पैसे मी दिले, बिल माझ्या नावावर, मग गुंतवणूक तुमची कशी?

२०१६ साली हा हिशोब जास्तच टोचत होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये जुन्या ह्युलेट-पॅकार्डची दोन शकलं झाली. सर्व्हर वगैरे एकीकडे गेले, आणि लॅपटॉप-प्रिंटर एचपी इंक या नावाने दुसरीकडे. या दुसऱ्या कंपनीच्या नफ्याचा मोठा आधार छपाई आणि त्यातही शाई-टोनर (टोनर म्हणजे लेसर प्रिंटरची पूड). नेमकी तीच विक्री त्या वर्षी घसरत होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध कोणी कबूल केलेला नाही. मीही जोडून दाखवत नाही, शेजारी शेजारी ठेवतो.

त्याच मुलाखतीत लोरेस यांनी कार्ट्रिजमधून व्हायरस येऊ शकतो असंही सांगितलं. एचपीने संशोधकांना बक्षीस लावून हा धोका तपासून घेतला होता आणि चिपमधून प्रिंटरच्या स्मृतीत गडबड करता येते असं त्यांना दाखवता आलं. प्रयोगशाळेपुरती गोष्ट खरी. पण माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत व्हायरस ईमेलमधून आला, पेन ड्राइव्हमधून आला, एकदा तर मुलाच्या गेममधून आला. शाईतून आलेला मी अजून पाहायचाय.

माफी, आणि तिच्यातला शब्द

२६ सप्टेंबरला इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने एचपीचे तेव्हाचे प्रमुख डिऑन वाइस्लर यांना खुलं पत्र लिहिलं. पाठोपाठ हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या. पत्रातला एक मुद्दा माझ्या धंद्याच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे: सुरक्षेच्या नावाने आलेलं अपडेट जर चालू वस्तू बंद पाडत असेल, तर लोक अपडेट घेणंच सोडतील.

तसंच झालंय. नवा प्रिंटर लावला की मी पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेट बंद करतो. हे चुकीचं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर असतो, त्याच्या स्मृतीतून लोकांचे पॅन, आधार, पगाराचे आकडे जातात. त्याला खरोखरीच सुरक्षेची अपडेट लागतात. पण अपडेट चालू ठेवलं आणि ३१ जुलैला कार्ट्रिज 'खराब' झालं, तर शिव्या मला खायच्या असतात. ज्याने माझ्यावर ही निवड लादली तो सुरक्षेच्या गप्पा मारतो, याचा मला राग आहे.

२८ सप्टेंबरला एचपीने माफी मागितली. मात्र कशाची, ते नीट वाचायला हवं. कार्ट्रिज ओळखण्याच्या या पद्धतीबद्दल ग्राहकांना आम्ही अधिक चांगल्या रीतीने सांगायला हवं होतं, त्याबद्दल क्षमस्व, असा एकूण सूर. बंदी उठवणारं फर्मवेअर लवकरच देऊ, ज्याला हवं त्याने ते घ्यावं, आणि अशी सुरक्षा आम्ही पुढेही वापरत राहू.

चूक झाली ती सांगण्यात. कुलूप लावण्यात नाही.

बंदी लादणारं फर्मवेअर प्रिंटरच्या पोटात आपोआप बसलं होतं. उठवणारं मात्र ऑक्टोबरमध्ये आलं तेव्हा आपण शोधायचं, उतरवायचं, टाकायचं. ज्याला मुळात फर्मवेअर हा शब्दच माहीत नाही, तो पडद्यावरच्या आज्ञेनुसार नवीन कार्ट्रिज विकत घेऊन मोकळा झाला असणार. 'चिप ओळखीची नाही' आणि 'कार्ट्रिज खराब आहे' या दोन वाक्यांत फरक आहे तो इथे. पहिलं वाक्य वाचून माणूस चिडतो, चौकशी करतो. दुसरं वाचून तो दुकानात जातो.

दंडाचे हिशोब

अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. २०१८ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि दाव्यातल्या मॉडेलांवर ही बंदी पुन्हा चालू करणार नाही असं एचपीने मान्य केलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धा व ग्राहक आयोगापुढे, बाधित ग्राहकांना प्रत्येकी ५० ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचं कंपनीने कबूल केलं. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने १ कोटी युरोचा दंड ठोठावला. इटलीच्या निकालात आणखी एक बाब होती: कोण कुठलं कार्ट्रिज वापरतो याची माहिती प्रिंटरमधून गोळा होत होती, आणि तेही ग्राहकाला धड सांगितलेलं नव्हतं.

एचपीच्या आकाराच्या कंपनीला हे आकडे म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण आकड्यापेक्षा मला त्यामागचा युक्तिवाद खटकतो. ऑस्ट्रेलिया असो वा इटली, बोट ठेवलं गेलं ते माहिती न देण्यावर. 'प्रिंटर विकल्यानंतर त्यात कोणाची शाई घालायची हे ठरवायचा तुम्हाला अधिकारच नाही' असं कोणी म्हटलं नाही.

याला एक जवळचा अपवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे, तोही दुसऱ्या कंपनीच्या खटल्यात. लेक्समार्कने रिकामी टोनर कार्ट्रिजं पुन्हा भरून विकणाऱ्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्सला पेटंटच्या जोरावर अडवलं होतं. मे २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. भरून विकणाऱ्यांचा हा मोठाच विजय. पण कायद्याने दार उघडलं तरी चिपने ते आतून लावलेलंच राहतं. निकालाची प्रत प्रिंटरमध्ये घालता येत नाही.

न सांगितल्याबद्दल दंड होतो म्हटल्यावर कंपनीने काय केलं असेल? सांगायला लागली. आता एचपीच्या खोक्यावर, वेबसाइटवर लिहिलेलं असतं की हा प्रिंटर एचपी चिप असलेल्या कार्ट्रिजवरच चालण्यासाठी आहे, आणि वेळोवेळी येणाऱ्या अपडेटमुळे आज चालणारं कार्ट्रिज उद्या चालेलच असं नाही. २०२१ पासून 'एचपी प्लस' ही योजना आली. त्यात प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला ठेवायचा आणि तो असेपर्यंत फक्त मूळ शाई वापरायची, या बदल्यात वाढीव वॉरंटी वगैरे. २०१६ मध्ये चोरून केलं ते आता ग्राहकाच्या संमतीने होतं. संमती म्हणजे सेटअप करताना दाबलेलं ते 'ओके'.

२०२२ मध्ये एक उलटा प्रसंगही घडला. चिपच्या जागतिक टंचाईत कॅननलाच स्वतःच्या टोनर कार्ट्रिजसाठी चिपा मिळेनात. जर्मनीत कंपनीला आपल्या ग्राहकांना कळवावं लागलं की आमचंच कार्ट्रिज ओळखलं नाही असा इशारा पडद्यावर येईल, तो बाजूला सारून छपाई चालू ठेवा. चिपशिवाय छपाईची प्रत बिघडत नाही असंही त्यांनीच सांगितलं. मी ही बातमी प्रिंट काढून दुकानात लावायचा विचार केला होता. प्रिंटर चालू असता तर.

आपल्याकडे काय झालं

आपल्या बाजारात या लढाईला वेगळंच वळण लागलं. इथे लोक कोर्टात गेले नाहीत. त्यांनी प्रिंटरला भोकं पाडली. बाहेर चार बाटल्या, त्यांतून चार नळ्या, नळ्या झाकणाखालून थेट कार्ट्रिजमध्ये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असली जोडणी सहज मिळायची. फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सवाल्यांकडे सर्रास दिसायची, सलाइन लावलेल्या रुग्णासारखी. इंडोनेशियातही असंच चालायचं. एप्सनने ते पाहून ऑक्टोबर २०१० मध्ये तिथेच एल १०० आणि एल २०० हे टाकी असलेले प्रिंटर पहिल्यांदा काढले. जुगाड कंपनीनेच उचलला. मग ते भारतात आले, आणि मागाहून कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांनी टाक्या आणल्या. अमेरिका-युरोपला टाकी मिळाली ती आपल्यानंतर.

टाकीवाला महाग मिळतो, पण शाईची बाटली स्वस्त पडते आणि तिला सहसा चिप नसते. महिन्याला शंभरच्या वर पानं छापणाऱ्याला मी दुसरं काही सुचवतच नाही. वर्षातून चार वेळा छापणाऱ्याने मात्र टाकीही घेऊ नये. हेड सुकतं, मग क्लीनिंग मारा, पुन्हा नोझल चेक, पुन्हा क्लीनिंग, आणि प्रत्येक क्लीनिंगची शाई कागदावर न जाता खालच्या स्पंजच्या पॅडमध्ये. पॅड भरलं की प्रिंटर पुन्हा संपावर. अशा घराला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पुरतो.

आणि कार्ट्रिजवाला आधीच घरात असेल, चालू असताना एकाएकी अडला असेल, तर पडद्याचा फोटो काढा, बिल आणि खोकं जपून ठेवा. खोक्यावर काय लिहिलंय आणि काय नाही, हाच इथे पुरावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. तीन हजारांच्या प्रिंटरसाठी कोण हेलपाटे घालणार, हा प्रश्न रास्त आहे. कंपनीचाही भरवसा त्यावरच असतो.

मॅडमचा तो प्रिंटर शेवटी गेल्या वर्षी बदलला. नवा मी सांगितलेला टाकीवाला नव्हता. भाच्याने सेलमधून त्याच कंपनीचा मागवून टाकला होता. खोकं उघडून मी तळाच्या बाजूची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली: फक्त आमच्याच चिपची कार्ट्रिजं, अपडेटनंतर इतर चालतीलच असं नाही, वगैरे.

मॅडमनी चष्मा पुसून स्वतः एकदा वाचलं.

"म्हणजे आता सांगून करणार," त्या म्हणाल्या. मग जुन्या प्रिंटरमधली चारही कार्ट्रिजं काढून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, टेबलाच्या त्याच खणात ठेवली.